शेताची राखण आणि आवाजाचा कोंडवाडा

गोव्यात 'राखणदार' म्हटले की आधी आठवतो तो गावाच्या सीमेवरचा देवचार. वर्षाकाठी त्याला रोट द्यायचा आणि त्याने रात्री गावाची फेरी मारायची, असा हा जुना करार. पण राखण ही तशी शेतातली गोष्ट. वायंगणाचे भात दुधावर आले की पाखरांची झुंबड उडते आणि कोणीतरी बांधावर बसावेच लागते. देवाला राखणदाराचे पद देताना आपल्या पूर्वजांच्या डोळ्यांसमोर हा बांधावरचा माणूसच असावा. आज देवचार आपल्या जागी आहे, बांधावरचा माणूस मात्र उठून गेला आहे आणि त्याच्या जागी आवाज येऊन बसला आहे. हे स्थित्यंतर कसे झाले, आणि कायदा त्याच्या मागून धावताना कुठे कमी पडतो, हे समजून घ्यायचे तर भाताच्याच मुलखात जायला हवे.

तसा एक मुलूख म्हणजे बालाघाट. नकाशावर तो मध्य प्रदेशात दिसतो, पण महाराष्ट्राच्या गोंदियाला अगदी लागून आहे. वैनगंगा बालाघाट शहराजवळून वाहत पुढे भंडाऱ्याकडे जाते. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात लांजी हे इथले महत्त्वाचे ठाणे होते. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि १८६७ मध्ये भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून बालाघाट जिल्हा तयार करण्यात आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मात्र मध्य प्रदेशातच राहिला. राज्याची सीमा बदलली तरी घरातली बोली आणि शेतातले पीक काही बदलत नाही. इथे मराठी कानावर पडते, पोवारी बोलली जाते, आणि तलावाच्या पाण्यावर भात पिकवण्यात पोवार शेतकऱ्यांचा हात धरणारा विरळाच. इथल्या चिन्नोर या सुवासिक तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

चिन्नोर उशिरा पिकतो. आजूबाजूचे हळवे धान कापून झाले की रानातली सगळी पाखरे उभ्या राहिलेल्या शेतांकडे वळतात. मुनिया आणि सुगरणी दाण्यातले दूध चोखतात, पोपट तर अख्खी लोंबी तोडून नेतात आणि अर्धी खाऊन टाकून देतात. दाणा कडक होईपर्यंतचे दोन-तीन आठवडे शेतकऱ्याच्या जिवाला घोर. वर्षभराची मेहनत या दिवसांत चोचीने जाऊ शकते. म्हणून पाखरे हाकलण्याच्या आवाजावर बोलताना एक गोष्ट आधी मान्य करायला हवी. तो आवाज हौसेचा नसतो, पोटाचा असतो.

ही राखण फार जुनी आहे. महाराष्ट्री प्राकृतात संग्रहित झालेल्या हालाच्या गाथासप्तशतीत शेत राखणाऱ्या मुली भेटतात. कालिदासाच्या रघुवंशात साळीचे शेत राखणाऱ्या स्त्रिया उसाच्या सावलीत बसून रघूची कीर्ती गातात. भारवीच्या किरातार्जुनीयात तर राखणदारणींच्या गाण्यात रमलेला हरिणींचा कळप भूक विसरतो आणि पिकाकडे फिरकतच नाही. कवीची अतिशयोक्ती बाजूला ठेवू, पण त्यात एक वस्तुस्थिती आहे. राखणीचा आवाज माणसाच्या गळ्यातून निघत होता. त्याला थकवा होता, विसावा होता आणि संध्याकाळ झाली की तो घरी जात होता.

पुढे गोफण, माळा, फुटका पत्र्याचा डबा, बुजगावणे ही सगळी आयुधे आली. गोफण केवळ दगड फेकत नाही. तिच्या दोरीचा सटका हवेत फुटतो तेव्हाही थवा उठतो. विदर्भात रात्रीच्या राखणीला जागल म्हणतात. या प्रत्येक साधनाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस होता आणि तो गावाच्या ओळखीचा होता. एखाद्या घरात आजारी माणूस असेल, नुकती बाळंत झालेली लेक असेल, तर "आज जरा तिकडच्या बांधावर जा रे बाबा" एवढे सांगणे पुरत असे. नियम लिहिलेला नव्हता, कारण त्याची गरज नव्हती.

राखणदाराचे मन मात्र नेहमीच मालकाच्या बाजूने असे असे नाही. तुकोबांची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. त्यांना शेताच्या राखणीवर बसवले आणि त्यांनी पाखरांना मनसोक्त खाऊ दिले, मालक संतापला, आणि शेवटी रास मोजली तेव्हा धान्य उलट जास्तच भरले. गंमत अशी, की टॉमस हार्डी या इंग्रज कादंबरीकाराच्या १८९५ सालच्या 'ज्यूड द ऑब्स्क्युअर'मध्येही आरंभी असाच एक पोरगा आहे. दिवसाला सहा पेन्स मजुरीवर तो खुळखुळा वाजवून कावळे हाकलत असतो. त्याला पाखरांची दया येते, तो त्यांना खाऊ देतो आणि शेतमालक त्याला बडवून काढतो. देहूची रास वाढली, ज्यूडच्या वाट्याला मार आला. दोन्ही कथांतून एक गोष्ट दिसते. राखण हे गरिबाच्या पोराचे काम होते.

आणि इथेच इतिहासाचे वळण आहे. इंग्लंडमध्ये १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर हळूहळू ही पोरे बांधावरून उठून वर्गात गेली. आपल्याकडे ते उशिरा झाले, पण झाले. आज बालाघाट-गोंदियाच्या खेड्यातला मुलगा शाळेत आहे, त्याची बहीण महाविद्यालयात आहे, थोरला भाऊ नागपूर-रायपूरला कामाला आहे. हे चांगलेच झाले. कोणाला पुन्हा त्या मुलाच्या हाती गोफण द्यावीशी वाटणार नाही. पण पाखरे शाळेत गेली नाहीत. ती पूर्वीसारखीच येतात. शेतात उरतो तो एकटा म्हातारा शेतकरी, आणि एकट्या माणसाला चारही बांध सांभाळायचे तर यंत्र लागते.

ते यंत्र म्हणजे तोफ. परदेशात ती स्वयंपाकाच्या वायूसारख्या इंधनावर चालते आणि ठरावीक वेळाने आपोआप धडाका काढते. आपल्याकडे तिचा गरीब भाऊ कार्बाइडचा. कॅल्शियम कार्बाइडला पाणी लागले की ॲसिटिलीन वायू सुटतो. पूर्वी सायकलींच्या आणि खाणकामगारांच्या दिव्यांत तोच जळत असे. आंबे झटपट पिकवण्यासाठी कार्बाइडचा चोरटा वापर आपल्याला माहीत आहेच. हाच वायू बंद नळीत पेटवला की स्फोट होतो. प्लॅस्टिकच्या नळीची अशी बंदूक थोडक्या पैशात बनते आणि माकडे व पाखरे हाकलायला शेतकरी ती वापरू लागले.

या बंदुकीचे पुढे काय झाले, हे २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशाने पाहिले. शेतातली ही वस्तू शहरांतल्या बाजारात फटाका म्हणून विकली गेली. स्फोट का होत नाही म्हणून मुले नळीत डोकावली आणि तोंडावरच भडका उडाला. भोपाळ, ग्वाल्हेर, विदिशा अशा ठिकाणी रुग्णालयांत डोळे भाजलेल्या मुलांची रांग लागली. राज्यात जखमींचा आकडा तीनशेच्या घरात गेल्याच्या बातम्या आल्या आणि काहींची दृष्टी गेली. त्यानंतर सरकारने या बंदुकांवर बंदी घातली. वास्तविक कार्बाइड साठवण्यासाठी आणि विकण्यासाठी १९८७ पासून वेगळे नियम आहेत. पण शेतातल्या धडाक्याकडे तोवर गंभीरपणे कोणी पाहिले नव्हते. शेतातली वस्तू शेतातच राहील, असे आपण गृहीत धरले होते.

बंदीने बाजारातली बंदूक थांबेल, शेतातल्या आवाजाचा प्रश्न सुटत नाही. कारण आवाजाचा आपला कायदा शेताला ओळखतच नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत जमिनीचे चार प्रकार केले आहेत: औद्योगिक, व्यापारी, निवासी आणि शांतता क्षेत्र. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचे १०० मीटर हे शांतता क्षेत्र. चारांत शेती कुठेच नाही. २०१० च्या दुरुस्तीत भोंगे, फटाके आणि बांधकामाची यंत्रे नावानिशी आली, पाखरांची तोफ आली नाही. रात्रीच्या संगीतावरून आपण गोमंतकीयांनी हे नियम पुष्कळदा वाचले आहेत, पण ते शहर आणि किनारा डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले आहेत.

दुसरी अडचण मोजण्याची. हे ५५ आणि ४५ चे आकडे ठरावीक काळाच्या सरासरीचे आहेत. दिवसभर चालणारी चक्की त्यात सापडते, क्षणभराचा धडाका सरासरीत विरघळून जातो. एक साधे गणित करू. फटाक्याला ४ मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा आहे. तोफही तेवढीच वाजते असे धरू. उघड्या रानात अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे सव्वाशे मीटरवरच्या घरात तो पंचाण्णवच्या आसपास पोचतो. झोपलेले तान्हे मूल दचकून उठायला तेवढा पुष्कळ झाला. त्यातच चिन्नोर पिकतो ते दिवस थंडीचे. पहाटे जमिनीलगत गार हवेचा थर बसलेला असतो आणि आवाज त्याखालून दूरवर जातो. पाखरेही नेमकी त्याच वेळी येतात.

जवळच्या शेजाऱ्यांत आणखी एक आहे. बालाघाट आणि गोंदिया या दोन जिल्ह्यांत वैनगंगेच्या खोऱ्यातल्या भातखाचरांत सारस क्रौंच राहतात. मोजकीच पाखरे उरली आहेत. पावसाळ्यात ती धानातच घरटे करतात, आणि पुष्कळ शेतकरी तेवढा तुकडा न कापता त्यांच्यासाठी सोडतात. पोपटासाठी उडवलेला बार सारसाला वगळून जात नाही. राखणदाराला पोपट आणि सारस यांतला फरक कळत होता. तोफेला कळत नाही.

बरे, एवढे करून तोफ उपयोगी पडते का? काही दिवस पडते. जागा आणि वेळ बदलली नाही तर पाखरे तिला सरावतात आणि तिच्याच नळीवर येऊन बसतात. मग शेतकरी बार वाढवतो. त्रास शेजाऱ्याचा वाढतो, पाखरांचा नाही. ब्रिटनमधल्या शेतकरी संघटनेने म्हणूनच आपल्या सभासदांसाठी आचारसंहिता केली आहे. तासाला चारपेक्षा अधिक बार नकोत, घरांजवळ भल्या पहाटे नकोत, तोफेचे तोंड वस्तीकडे नको. ती पाळणे ऐच्छिक आहे, पण उपद्रव फारच झाला तर तिथे १९९० च्या पर्यावरण कायद्याखाली नगरपालिका नोटीस काढू शकते.

आपल्याकडे असे काही शक्य आहे का? आधार आहेत. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा दंडाधिकाऱ्याचा अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून तो नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. पण प्रत्येक बांधावरचा तंटा जिल्हाधिकाऱ्यांकडे न्यायचा म्हणजे दोन घरांचे बोलणे कायमचे बंद. इथे मला १८७१ च्या गुरे-अतिक्रमण कायद्याची आठवण होते. शेजाऱ्याचे गुरू पिकात शिरले तर काय करायचे, हे त्याने सोप्या रीतीने ठरवले. गुरू कोंडवाड्यात न्यायचे, मालकाने ठरलेला दंड भरून सोडवायचे. गुराला वैरी ठरवले नाही आणि नुकसान सोसणाऱ्यालाही वाऱ्यावर सोडले नाही. किती आणि कसे, हे आधीच ठरलेले होते, म्हणून भांडण वाढत नव्हते.

आवाज हेही एक सुटलेले गुरूच आहे. बांध त्याला अडवत नाही आणि त्याला कोंडवाडाही नाही. तो ग्रामसभेनेच बांधायला हवा. दाणा भरण्याचे आठवडे ठरवावेत, तेवढ्याच काळात आणि सूर्योदयानंतरच बार व्हावा, घरापासूनचे अंतर ठरवावे, शाळेच्या आणि सारसाच्या घरट्याच्या आसपास तोफ नको, आणि घरगुती कार्बाइड तर कुठेच नको. याच्या बदल्यात गावानेही काही द्यावे. वस्तीला लागून ज्यांची शेते आहेत त्यांच्यासाठी जाळी किंवा चमकती फीत यांचा खर्च सामाईक निधीतून करावा, नाहीतर दोन-तीन शेते मिळून मजुरी देऊन एक प्रौढ राखणदार ठेवावा. नुसता "आवाज बंद करा" म्हणणे म्हणजे पाखरांचे जेवण त्या एकाच शेतकऱ्याच्या माथी मारणे. चिन्नोरचा वास सगळ्या गावाला हवा असेल, तर त्याच्या राखणीचा भारही थोडाथोडा सगळ्या गावाने उचलायला हवा.