कोरॅड्स ५, स्कोअर ८

एप्रिल २०२१. फॅमिली ग्रुपवर बाबांच्या एचआरसीटीचा रिपोर्ट पडला. कोरॅड्स ५, स्कोअर ८/२५. ‘पाच’ वाचून आत्या रडायला लागली. काका म्हणाले, पंचवीसात आठ म्हणजे काहीच नाही.

कोरॅड्स मार्च २०२० मध्ये नेदरलँड्सच्या रेडिओलॉजिस्टांनी बनवला. स्तनांच्या मॅमोग्राफीसाठी बायरॅड्स आधीपासून होताच, त्याच धर्तीवर. ‘नाकारता येत नाही’ अशा गुळमुळीत वाक्यांऐवजी एक आकडा: १ म्हणजे कोविडचा संशय जवळपास नाही, ५ म्हणजे दाट संशय. ६ फक्त पीसीआर आधीच पॉझिटिव्ह असेल तर. आठ जणांनी १०५ रुग्णांचे स्कॅन वाचून तो तपासला. १ आणि ५ वर बऱ्यापैकी एकमत, मधल्या आकड्यांवर फाटाफूट. (हे मला प्रामाणिक वाटतं.)

फुप्फुस किती बिघडलं, हे कोरॅड्स सांगतच नाही. ते पंचवीसवाल्या स्कोअरचं काम: फुप्फुसाचे पाच खंड, प्रत्येकाला ० ते ५. संशय आणि नुकसान, दोन वेगळी फील्ड्स. आम्ही एकाच कॉलममध्ये वाचत होतो.

आणि आठ हा त्या दिवसाचा आकडा होता. तापाचा तो चौथाच दिवस. पुढच्या स्कॅनमध्ये बाबांचे सोळा आले, तेव्हा आम्ही ऑक्सिजनचा बेड शोधत होतो.