सोळावें वर्ष आणि पित्याची सत्ता

सोळावें वर्ष लागतांच पुत्राशीं मित्राप्रमाणें वागावें, या आशयाचें सुभाषित प्रस्तुत लेखकानें शाळेंत अनेक वर्षें शिकविलें. आणि त्या वयीं पुत्र पित्याच्या सत्तेंतून कायद्यानेंच मोकळा होत असे, असेंही विद्यार्थ्यांस सांगितलें. हें विधान शास्त्रास धरून नव्हतें. ती चूक दुरुस्त करणें अवश्य आहे.

नारदस्मृतीप्रमाणें मूल आठव्या वर्षापर्यंत गर्भस्थासारखें समजावें. सोळाव्यापर्यंत तो बाल अथवा पोगंड. पुढें तो व्यवहारज्ञ होतो. परंतु स्वातंत्र्य मिळतें तें मातापितर निवर्तल्यावरच. ते हयात असतां पुत्र वृद्ध झाला तरी परतंत्रच. कौटिल्यानेंही व्यवहारप्राप्तीचें वय स्त्रीस बारा व पुरुषास सोळा वर्षें ठरविलें आहे. तथापि पिता जिवंत असतां पुत्रानें केलेला व्यवहार, त्यास तसा अधिकार सोंपविलेला नसल्यास, असिद्ध मानला आहे. अधिकार सोंपविणें ही मुखत्यारी होय, मुक्तता नव्हे. दत्तविधानानें पुत्र जनकापासून सुटतो खरा, पण तो दुसऱ्या पित्याच्या हातीं जातो.

खरी मुक्तता पाहावयाची तर रोमन कायद्यांत पाहावी. ख्रिस्तपूर्व ४५१-४५० च्या सुमाराच्या द्वादश फलकांत, पित्यानें तीनदां विकलेला पुत्र पितृसत्तेंतून सुटतो, असा नियम होता. त्याच्याच आधारें तीन लटक्या विक्रींचा मुक्तिविधि रूढ झाला. इ. स. ५३१ मध्यें जस्टिनियन बादशहानें तीं सोंगें काढून न्यायाधिकाऱ्यापुढील निवेदन पुरेसें ठरविलें. या मुक्ततेस वयाची अट नव्हती. लहान मूल मुक्त झाल्यास त्यास पालक मात्र लागे.

आपल्याकडे वाट निघाली ती द्रव्याच्या बाजूनें. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत पितामहार्जित धनावर पुत्राचें जन्मतःच स्वत्व मानलें व पित्याची इच्छा नसतांही विभागाची मुभा दिली. पुढें १८७५ च्या कायद्यानें अठरावें वर्ष सज्ञानतेचें ठरविलें. त्यांत पिता हयात आहे कीं नाहीं, हा प्रश्नच ठेवला नाहीं. तरीही १८९१ मध्यें मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठानें, पिता आपल्या भावांशीं एकत्र असतां त्याच्या संमतीवांचून पुत्रास वाटणी मागतां येत नाहीं, असा निर्णय दिला. न्यायमूर्ति काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनीं त्यास आपलें भिन्न मत जोडलें.

सारांश, तें सुभाषित पित्यास केलेला उपदेश आहे. पुत्रास दिलेला हक्क नव्हे. जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी हें वाचील, तर त्यानें पूर्वीं सांगितलेला अर्थ रद्द समजावा.