आउटबोर्ड यंत्राची विश्वसनीयता : रत्नागिरी किनाऱ्याच्या संदर्भात

नौकेच्या मागील फळीवर बाहेरून कसलेले, इंजिन, उभा दंड, दंतचक्रांची पेटी आणि पंखा यांचा एकसंध संच असलेले यंत्र म्हणजे आउटबोर्ड. ते काढता येते, तिरपे करता येते आणि सुकाणूचे कार्यही तेच करते. नौकेच्या पोटात बसवलेले डिझेल इंजिन हा भिन्न विषय आहे. मिरकरवाडा बंदरातील ट्रॉलर व पर्ससीन नौका त्या दुसऱ्या वर्गातील होत. आउटबोर्डचे क्षेत्र खाड्यांचे व पुळणींचे आहे: भाट्ये, राजिवडा, साखरतर, काळबादेवी, पूर्णगड. मत्स्यगणनेतही हा भेद पाळला जातो. ज्या नौकेचे यंत्र जाळे ओढण्याच्या कामीही येते ती यांत्रिक. ज्या नौकेचे यंत्र केवळ गती देते ती मोटरचलित. प्रस्तुत विवेचन मोटरचलित प्रकाराचे आहे.

यामाहा, सुझुकी, तोहात्सू, मर्क्युरी, होंडा यांपैकी श्रेष्ठ कोणते, असा प्रश्न सामान्यतः विचारला जातो. या प्रश्नात दोन स्वतंत्र गुणांची सरमिसळ आहे. पहिला गुण कार्यक्षमता, म्हणजे दिलेल्या इंधनात दिलेल्या नौकेला मिळणारा उपयुक्त रेटा. दुसरा विश्वसनीयता, म्हणजे निश्चित परिस्थितीत निश्चित काळ यंत्राने न थांबता काम करण्याची संभाव्यता. दुसऱ्या गुणापासून आणखी दोन गोष्टी वेगळ्या काढल्या पाहिजेत: टिकाऊपणा, म्हणजे यंत्राचे एकूण आयुष्य, आणि उपलब्धता, म्हणजे हंगामाच्या एकूण दिवसांपैकी यंत्र कामास सज्ज असलेल्या दिवसांचे प्रमाण. यंत्र टिकाऊ असूनही अविश्वसनीय असू शकते, आणि विश्वसनीय असूनही अनुपलब्ध असू शकते. पुढील सर्व प्रतिपादन या भेदावर उभे आहे.

प्रथम कार्यक्षमता. पाणी कापत जाणाऱ्या, न उसळणाऱ्या नौकेची वेगमर्यादा तिच्या जलरेषेच्या लांबीवर अवलंबून असते. फुटांतील लांबीच्या वर्गमुळास १.३४ ने गुणले असता ती मर्यादा नॉटमध्ये मिळते. जलरेषेवर २५ फूट असलेल्या होडीसाठी ती ६.७ नॉट येते. त्यापलीकडे अश्वशक्ती वाढवली तर लाटा वाढतात, वेग जवळपास वाढत नाही. अशा होडीवर मिनिटाला ५००० फेऱ्यांचे, दोनास एक दंतगुणोत्तराचे यंत्र १२ इंच पिचच्या (पिच म्हणजे एका फेरीत पंख्याने सैद्धांतिकदृष्ट्या कापलेले अंतर) पंख्यासह बसवले, तर पंख्याचा सैद्धांतिक वेग सुमारे २५ नॉट होतो. होडी सातच्या आत चालते. मधले अंतर घसरणीत जाते. येथे मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा पंखा हवा. पिच जास्त असेल तर यंत्र आपल्या निर्धारित फेऱ्यांपर्यंत पोहोचतच नाही, दबून चालते, त्यात काजळी धरते, पिस्टन तापतो. म्हणजे कार्यक्षमतेतील चूक काही महिन्यांनी अविश्वसनीयतेच्या रूपाने प्रकट होते आणि दोष ब्रँडच्या नावावर लिहिला जातो. उसळून धावणाऱ्या हलक्या फायबर नौकांचे गणित वेगळे आहे. तेथे वजनास शक्तीचे प्रमाण निर्णायक ठरते.

विश्वसनीयतेच्या विचारात बिघाडांचे वर्गीकरण आधी स्थानानुसार करावे लागते: (१) किनाऱ्यावर लक्षात आलेला बिघाड, (२) समुद्रात उद्भवलेला बिघाड. पहिल्यात दिवस जातो. दुसऱ्यात काय जाईल हे वारा ठरवतो. शिडाच्या काळात पहाटेच्या मतलईवर बाहेर पडावे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परतावे असा क्रम होता. यंत्राने तो क्रम अनावश्यक केला, परंतु वारे तेच राहिले. पहाटे यंत्र बंद पडले तर होडी खोल पाण्याकडे वाहते. दुपारी बंद पडले तर रत्नदुर्गासारख्या भूशिराच्या खडकांकडे. नोव्हेंबर २००९ मधील फयान चक्रीवादळ पावसाळ्याची बंदी संपून हंगाम भरात असताना आले. अशा वेळी घरी परतण्याचे तास हेच जीविताचे माप असते. म्हणून समुद्रात दुरुस्त होणारा बिघाड आणि समुद्रात दुरुस्त न होणारा बिघाड हा दुसऱ्या वर्गातील उपभेद ब्रँडभेदापेक्षा महत्त्वाचा आहे. कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक यंत्रात भिजलेला वा काजळलेला प्लग बदलून दोरीने यंत्र पुन्हा सुरू करता येते. इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठ्याच्या फोर-स्ट्रोकला बिघाड कमी होतात. परंतु विद्युतजोडात खारे पाणी शिरून यंत्र थांबले तर होडीतील हत्यारे पुरी पडत नाहीत.

आता बिघाडांची कारणे. ती मुख्यतः चार आहेत, पण चौथ्यावर अधिक थांबणे आवश्यक आहे.

पहिले कारण शीतनाचे. यंत्र समुद्राचेच पाणी खेचून थंड राहते, आणि खाडीच्या मुखावरील वाळूचा बांध ओहोटीला ओलांडताना वाळूही खेचते. पंपातील रबरी इम्पेलरची पाती त्याने झिजतात. यंत्राच्या मागून पडणारी पाण्याची बारीक धार मंदावणे हे त्याचे पहिले चिन्ह. दुसरे कारण विद्युत-रासायनिक क्षरणाचे. ॲल्युमिनियमचा देह वाचावा म्हणून त्यावर झिंकची वडी लावलेली असते. ती स्वतः झिजते आणि देहाला राखते. रंगकामाच्या वेळी पुष्कळदा पायाच्या भागासह ती वडीही रंगवली जाते. रंग चढलेली वडी झिजत नाही. ती वर्षभर नवी दिसते आणि तिच्याऐवजी दंतपेटी झिजते. तिसरे कारण दंतपेटीत पाणी शिरण्याचे. नायलॉनचा तंगूस पंख्यामागे दंडाला गुंडाळला जातो आणि तेलाचे सील कापतो. पेटीचे तेल काढल्यावर ते दुधाळ पांढरे निघाले तर पाणी शिरले आहे असे निश्चित समजावे. ही परीक्षा १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या आरंभीच करावी. अखेरीस केल्यास ते पाणी दोन महिने बेअरिंगवर गंज चढवत राहिलेले असते.

चौथे कारण इंधनाचे. भारतात २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलची विक्री २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र नित्याचे झाले. आउटबोर्ड उत्पादकांच्या पुस्तिकांत मात्र इथेनॉलची मर्यादा सामान्यतः १० टक्के दिलेली असते. इथेनॉल हवेतील बाष्प शोषते. कोकणातील जून-जुलैची हवा आणि अर्धी भरलेली टाकी एकत्र आली की शोषण वेगाने होते. पाण्याचे प्रमाण विशिष्ट मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी मिळून पेट्रोलपासून अलग होतात आणि जड असल्याने तळाशी बसतात. टाकीतील नळी तळातूनच इंधन उपसते. टू-स्ट्रोक यंत्रात वंगणतेल पेट्रोलमध्येच, साधारणतः पन्नासास एक या प्रमाणात, मिसळलेले असते. अलग होताना हे तेल वरच्या पेट्रोलच्या थरात राहते. परिणामी नारळी पौर्णिमेनंतर पहिल्याच दिवशी यंत्राच्या मुखात तेलविरहित द्रव जातो. यंत्र सुरू झालेच तर सिलिंडर कोरडा चालतो आणि पिस्टन धरतो. हा बिघाड कोणत्याही ब्रँडचा नाही. पण ज्याचा हंगामारंभ बुडाला त्याच्या स्मरणात तो ब्रँडसहित राहतो. उपाय सुलभ आहे: बंदीपूर्वी टाकी व कार्ब्युरेटर पूर्ण रिकामे करावेत आणि टाकी वाळवून ठेवावी. केरोसिनवर चालणाऱ्या यंत्रांच्या मुख्य इंधनात हा दोष नाही. तेथे पेट्रोलवर सुरुवात करून तापल्यावर केरोसिनवर जावे लागते आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर यावे लागते. हे शेवटचे पाऊल चुकले की पुढच्या सकाळी यंत्र सुरू होण्यास नकार देते.

ही चार कारणे वजा केल्यावर जे उरते तेच ब्रँडचे. त्यात पहिली गोष्ट वंशाची. ब्रँड आणि यंत्र यांचा संबंध एकास एक नाही. मर्क्युरीची अनेक लहान फोर-स्ट्रोक यंत्रे तोहात्सूने घडवलेली आहेत. आवरणाचा रंग निराळा, आतील घडण बहुतांशी एकच. त्यांच्यात विश्वसनीयतेची तुलना करणे निरर्थक आहे. दुसरी गोष्ट हेतूची. यामाहाची एन्ड्युरो मालिका कष्टकरी नौकांसाठी बांधलेली आहे, विहारनौकांसाठी नव्हे. होंडाने १९६४ पासून आउटबोर्ड फोर-स्ट्रोकच ठेवले. तेल मिसळण्याची चूक तेथे संभवत नाही, परंतु समान शक्तीच्या टू-स्ट्रोकपेक्षा फोर-स्ट्रोकचे वजन सामान्यतः अधिक असते, आणि यंत्र खांद्यावरून पुळणीवर आणणाऱ्या दोघांना ते रोज जाणवते. तिसरी गोष्ट सातत्याची. ओले एव्हिनरूड याने १९०९ मध्ये मिलवॉकी येथे व्यापारी आउटबोर्ड यशस्वी केले. त्याच्या नावाचा ब्रँड २०२० मध्ये उत्पादनातून बाद झाला. यंत्र उत्तम असले तरी त्याचे सुटे भाग किती वर्षे मिळतील हा उपलब्धतेचाच प्रश्न आहे.

येथून उपलब्धतेच्या गणिताकडे येता येते. समजा, पहिले यंत्र दर ६० दिवसांनी बिघडते आणि स्थानिक मेस्त्री ते एका दिवसात दुरुस्त करतो. दुसरे दर १२० दिवसांनी बिघडते, पण त्याचा भाग मुंबईहून यावयास १० दिवस लागतात. पहिल्याची उपलब्धता ६० भागिले ६१, म्हणजे ९८.४ टक्के, दुसऱ्याची १२० भागिले १३०, म्हणजे ९२.३ टक्के. दुप्पट विश्वसनीय यंत्र हंगामात अधिक दिवस बंद राहिले. या संख्या गृहीत आहेत. त्यांच्यातील संबंध गृहीत नाही. मात्र समुद्रातील बिघाडाचा धोका मोजावयाचा असेल तर दुसरेच यंत्र श्रेयस्कर, कारण तेथे दुरुस्तीचे दिवस मोजले जात नाहीत, थांबण्याची वेळ मोजली जाते. दोन्ही मापे एकाच यंत्राच्या बाजूने नेहमी पडत नाहीत, आणि खरेदीदाराने यांपैकी कोणते माप आपले आहे हे आधी ठरवावयास हवे.

पुळणीवरून किनाऱ्यालगत जाणाऱ्या, ८ ते १५ अश्वशक्तीच्या होडीस, माझ्या मते, साधे कार्ब्युरेटरचे यंत्र योग्य; आणि त्यातही ज्याचा इम्पेलर, सील व प्लग चालत जाण्याच्या अंतरावर मिळतो ते. किनारा नजरेआड करणाऱ्या नौकेस फोर-स्ट्रोक योग्य, सोबत लहान राखीव यंत्रासह. या निर्णयास स्थानिक आधार हवा असेल तर मच्छीमार सहकारी संस्थेने एक वही ठेवावी: यंत्राचा क्रमांक, चाललेले तास, इंधन, बिघाडाचे स्थान, कारण, भाग मिळेपर्यंतचे दिवस. ब्रँडचा रकाना त्यात शेवटी असावा, आणि तो भरण्यापूर्वी कारणाचा रकाना भरलेला असावा.