ढिगाऱ्याखालील मृत्यु

इ. स. १९४० च्या सप्टेंबर महिन्यांत जर्मन विमानांनीं लंडन शहरावर रात्रीमागून रात्र बाँबवर्षाव सुरू केला. कोसळलेल्या घरांखालून माणसें जिवंत बाहेर काढण्याचें काम पहांटेपर्यंत चाले. त्यांपैकीं कांहींच्या बाबतींत एक विलक्षण प्रकार डॉक्टरांच्या दृष्टीस पडूं लागला. ज्याचा पाय तुळईखालीं कित्येक तास दडपून राहिला होता असा मनुष्य इस्पितळांत येई, तेव्हां शुद्धीवर असे. पाय सुजलेला व बधिर, एवढीच तक्रार. थोड्याच वेळांत त्याचा रक्तदाब उतरे. रक्तद्रव दिल्यावर तो सावरला असें वाटे. परंतु पुढें लघवी कमी होई, तिचा रंग काळसर तपकिरी दिसे, आणि सुमारें आठवड्याच्या आंत तो दगावे. इजा पायाला, आणि मृत्यु मूत्रपिंडें बंद पडल्यानें! या दोहोंचा संबंध काय?

हा प्रश्न हॅमरस्मिथ येथील इस्पितळांत काम करणारे तरुण डॉक्टर एरिक बायवॉटर्स यांनीं हातीं घेतला. १९४१ च्या मार्च महिन्यांत त्यांनीं व डेस्मंड बील यांनीं अशा चार रोग्यांची हकीकत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें प्रसिद्ध केली. हा विकार अगदींच अपूर्व नव्हता. पहिल्या महायुद्धांत मातींत गाडल्या गेलेल्या सैनिकांविषयीं सेइगो मिनामी या जपानी वैद्यांनीं १९२३ सालीं जर्मन भाषेंत निबंध लिहून मूत्रपिंडांच्या विकाराचा संबंध स्नायूंच्या नाशाशीं जोडला होता. पण तो निबंध विस्मृतींत गेला होता.

कारणाचा शोध घेण्यास प्रयोगशाळेचाच आश्रय करावा लागला. लघवींतील तो रंग रक्ताचा नसून स्नायूंना तांबडेपणा देणाऱ्या मायोग्लोबिनचा आहे, हें १९४१ मध्येंच सिद्ध झालें. मग सशांवर प्रयोग झाले. सशाचे स्नायु फिकट. त्यांत मायोग्लोबिन फार थोडें. म्हणून १९४४ मध्यें बायवॉटर्स व स्टेड यांनीं मानवी स्नायूंतील मायोग्लोबिन सशांना टोचलें. ज्या सशांची लघवी आम्ल केलेली होती त्यांचीं मूत्रपिंडें बंद पडलीं. कोडें उलगडूं लागलें.

स्नायूचा रक्तपुरवठा कांहीं तास तुटला म्हणजे त्याच्या पेशींचीं आवरणें निकामी होतात. भार उचलला जातो, रक्त पुन्हां वाहूं लागतें, आणि खरें संकट त्याच क्षणीं उभें राहतें. रक्तांतील पाणी सुजणाऱ्या स्नायूंत शिरतें. उलट स्नायूंतील पोटॅशियम व मायोग्लोबिन रक्तांत येतें. पोटॅशियमनें हृदय एकाएकीं थांबूं शकतें. मायोग्लोबिन मूत्रपिंडांच्या सूक्ष्म नलिकांत सांचून त्यांना इजा करतें. सुटका हीच घातक ठरावी, हा दैवदुर्विलास असा शरीरशास्त्रानें स्पष्ट केला.

उपायही त्यांतूनच निघाला. नीलेंतून भरपूर लवणजल द्यावें, आणि तें इस्पितळांत पोंचल्यावर नव्हे, तर शक्य असल्यास मनुष्य ढिगाऱ्याखालीं असतांनाच. १९८२ मध्यें लेबनॉनांतील टायर येथें एक इमारत कोसळली, तेव्हां सात जणांवर असा उपचार जागेवरच सुरू झाला. त्यांपैकीं एकाचेंही मूत्रपिंड बंद पडलें नाहीं.

ज्यांना ही मदत वेळेवर मिळत नाहीं त्यांच्यासाठीं कृत्रिम मूत्रपिंड आहे. तें डच डॉक्टर विलेम कोल्फ यांनीं जर्मनव्याप्त हॉलंडांत १९४३ मध्यें प्रथम रोग्यावर वापरलें, आणि महायुद्ध संपल्यावर हॅमरस्मिथ येथें बायवॉटर्स यांनींच त्याचा उपयोग करून पाहिला. १९८८ च्या आर्मेनियांतील भूकंपांत अशीं यंत्रें अपुरीं पडलीं. त्या अनुभवांतून मूत्रपिंडतज्ज्ञांचें आंतरराष्ट्रीय मदतपथक उभें राहिलें. १९९९ मध्यें तुर्कस्थानांतील मारमारा भूकंपांत ६३९ जणांचीं मूत्रपिंडें बिघडलीं. त्यांपैकीं ४७७ जणांना हा यंत्रोपचार मिळाला.

बाँबचे असोत वा भूकंपाचे, ढिगारे उपसणाऱ्यांच्या हातीं आज कुदळीच्या जोडीला लवणजलाची बाटलीही असावी, असें शास्त्र सांगतें. लंडनांत ज्यांना वांचवितां आलें नाहीं त्यांच्याच व्याधीनें हा धडा शिकविला आहे.