फेफरं, कायदा आणि मेंदूतली खळ

1955च्या हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या अटींमध्ये अपस्मार नव्हता. तो घातला 1976च्या दुरुस्तीने, आणि तोही वेडाच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांच्या शेजारी नेऊन. चरकसंहितेत उन्माद आणि अपस्मार यांचे अध्याय वेगवेगळे आहेत. आपल्या कायद्याने ते एका ओळीत बसवले. फेनोबार्बिटल 1912 पासून वापरात होतं, फेनिटॉइन 1938 पासून. औषधं हाताशी असताना कायदा मागे गेला, याचं मला नवल वाटतं. इंडियन एपिलेप्सी असोसिएशनसारख्या संस्थांनी पाठपुरावा केला, तेव्हा कुठे 1999 मध्ये तो शब्द निघाला.

आमच्या घाटनांदूरला 1976ची दुरुस्ती कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. अंबाजोगाईचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय त्याच दशकात सुरू झालं. तिथवर जाणं अवघड नव्हतं, फेफऱ्याचं नाव घेऊन जाणं अवघड होतं. झटका आला की नाकाशी कांदा नाहीतर चप्पल धरायची. आणि सोयरिकीच्या बोलण्यात एक प्रश्न मी कितीदा ऐकला आहे: ‘घराण्यात कुणाला हाय का?’

या प्रश्नाचा इतिहास मला कायद्याच्या पुस्तकापेक्षा सूक्ष्मदर्शकाखाली जास्त सापडला. 1825 मध्ये फ्रान्समध्ये बूशे आणि कॅझोव्हेय यांनी फेफऱ्याच्या रुग्णांच्या शवविच्छेदनात मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग आकसून कडक झालेला पाहिला. 1889 मध्ये शास्लँ यांनी बोट ठेवलं ते चेतापेशींवर नव्हे, त्यांच्यामधल्या भरावावर. या भरावाला विर्खो यांनी 1856 मध्ये चेतापेशींना जोडून ठेवणारं लुकण म्हटलं होतं. आपण खळ म्हणू. ताऱ्यासारख्या आकारामुळे त्यातल्या एका प्रकारच्या पेशींना पुढे ॲस्ट्रोसाइट हे नाव मिळालं, पण खळीची प्रतिष्ठा काही वाढली नाही. विजेचा झटका, म्हणजे दोष तारेतच असणार, या समजुतीत पुढची कित्येक दशकं गेली.

खळ रिकामी बसत नाही. चेतापेशी पेटल्या की बाहेर पोटॅशियम आणि ग्लुटामेट साचतं. ते उपसायचं काम ॲस्ट्रोसाइटचं. 1997 मध्ये ग्लुटामेट उपसणारं एक जनुक काढून टाकलेल्या उंदरांना जीवघेणे झटके आले. 2004 मध्ये, शस्त्रक्रियेत काढलेल्या माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, ग्लुटामेट निकामी करणारं ॲस्ट्रोसाइटमधलं विकर फार कमी झालेलं दिसलं. मग शंका उरते: हे झटक्यांचं कारण की परिणाम? 2015 मध्ये जर्मनीतल्या बॉन इथल्या संशोधकांनी उंदरांत दाखवलं, की ॲस्ट्रोसाइटची आपसातली जोडणी आधी तुटते, चेतापेशी नंतर मरतात. शास्लँ यांचा अंदाज सव्वाशे वर्षांनी पुन्हा चर्चेला आला.

इथे घराण्याचा प्रश्न वेगळा होतो. अशा मेंदूत पोटॅशियम उपसणाऱ्या जनुकाचं वाचन घटलेलं आढळतं. जनुक बहुतेकदा शाबूत असतं. पेशी ते कमी वाचते. यालाच जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात. पोथी तीच, वाचणारा थकलेला. डोक्याला मार लागला, लहानपणी तापात लांबलचक झटका आला, मेंदूला संसर्ग झाला, की हे वाचन बदलू शकतं. त्यात आजोबा-पणजोबांचा हात असेलच असं नाही. मात्र घराणं पुरतं निर्दोष सुटत नाही. त्याच पोटॅशियमच्या जनुकातला बिघाड आईवडील दोघांकडून आला, तर मुलाला झटके, तोल जाणं, बहिरेपणा आणि मूत्रपिंडाचा विकार होतो, हे 2009 मध्ये सिद्ध झालं. असा विकार फार विरळा.

दिल्लीच्या एम्समध्येही, औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांच्या हिप्पोकॅम्पसमधली जनुकं कशी वाचली जातात याचा अभ्यास झाला आहे. सुमारे एकतृतीयांश रुग्णांना औषधं पुरत नाहीत, आणि आजची बहुतेक औषधं चेतापेशींवरच नेम धरतात. खळीवर नेम धरणारं औषध दुकानात अजून आलेलं नाही.