बेने इस्रायलांचीं आडनांवें

ठाण्यास टेंभी नाक्याजवळ 'शाआर हाशामाइम', म्हणजे स्वर्गद्वार, या नांवाचें यहुदी प्रार्थनामंदिर आहे. तें १८७९ सालचें. तेथें प्रार्थनेस येणाऱ्या बेने इस्रायल मंडळींचीं पाळण्यांतलीं नांवें शमुवेल, दावीद, रिबका अशीं असतात. पण घराण्याचें नांव विचारावें, तर पेणकर, रोहेकर, चेऊलकर, नवगांवकर असें अस्सल कोंकणी उत्तर येतें. हा मेळ कसा बसला?

या समाजाची परंपरा सांगते कीं, अलिबागनजीक नवगांवच्या किनाऱ्यावर पूर्वजांचें गलबत फुटलें आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. त्यांचे वंशज कोंकणांत पांगले व तेलाचे घाणे चालवूं लागले. शनिवारीं घाणा बंद, म्हणून लोक त्यांस 'शनवार तेली' म्हणत. कोंकणी रिवाजाप्रमाणें ज्या गांवीं वस्ती, त्या गांवास 'कर' जोडून आडनांव झालें. पेणचे ते पेणकर, रोह्याचे रोहेकर. झिराडवाल्यांनीं मात्र 'कर' न लावतां गांवच आडनांव केलें. १९६६ सालीं पद्मश्री मिळालेल्या डॉक्टर जेरुशा झिराड यांच्यामुळें तें नांव सर्वतोमुखी झालें.

एके काळीं पहिलें नांवही मराठी वळणाचेंच असे. कंपनीच्या फौजेंतील सॅम्युअल इझिकेल दिवेकर टिपूच्या कैदेंतून सुटले आणि १७९६ सालीं त्यांनीं मुंबईंत पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. आपल्या लोकांत ते समाजी हसाजी म्हणूनच ओळखले जात.

पुढें एकोणिसाव्या शतकांत हिब्रू विद्या वाढली. समाजीचे पुन्हां शमुवेल झाले. त्याबरोबरच अनेक घरांत वडिलांचें अगर आजोबांचें नांवच आडनांव म्हणून चालूं लागलें. इझिकेल, सॅमसन, डेव्हिड पुढें आले व गांवाचें नांव मागें पडलें. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबें इस्रायलास गेलीं.

म्हणून एक विनंती. इझिकेल हें नांव धर्म सांगतें. पण पूर्वजांनीं कोणत्या गांवचें पाणी प्यालें, हें सांगतो तो पेणकर! सनदा आणि ताम्रपट राजेरजवाड्यांचे. घाणा हांकणाऱ्याचा इतिहास त्याच्या आडनांवांतच राहिला आहे. ज्या घरांत वडील माणसें आहेत, तेथें तें आजच विचारून लिहून ठेवावें.