याकिनिकूची शेगडी कोणाची?

जपानच्या सहलीत सुशी आणि रामेन खाऊन झाले की पुष्कळांची पावले याकिनिकूच्या दुकानाकडे वळतात. टेबलाच्या मधोमध शेगडी, तिच्यावर जाळी, शेजारी कच्च्या मांसाचे पातळ काप आणि चिमटा. भाजायचे ज्याचे त्याने. ही रीत जपानची पूर्वापार परंपरा असावी, असे पाहुण्याला सहज वाटते. पण नुसता मेन्यू वाचला तरी शंका यावी. काल्बी, किमची, नामुल, बिबिंबाप ही सगळी कोरियन स्वयंपाकघरातली नावे. आजचे याकिनिकू दुसऱ्या महायुद्धानंतर घडले आणि ते मुख्यतः जपानमध्ये मागे राहिलेल्या कोरियन लोकांनी घडवले, हे स्पष्ट सांगायला हवे.

जपानने 1910 मध्ये कोरिया गिळंकृत केला. 1945 मध्ये युद्ध संपले तेव्हा सुमारे 20 लाख कोरियन जपानमध्ये होते. कोणी पोटासाठी आलेले, कोणी खाणी-कारखान्यांत सक्तीने आणलेले. बहुतेक परतले, 6 लाखांच्या आसपास राहिले. 1952 मध्ये त्यांचे जपानी नागरिकत्व गेले. सरकारी नोकरी मिळेना, मोठ्या कंपन्या दारात उभे करीनात. उरला तो स्वतःचा लहानसा धंदा. ओसाकातल्या त्सुरुहाशीसारख्या काळ्या बाजारांत वजडी, आतडी, काळीज स्वस्तात मिळे, कारण ते खाणारे जपानी थोडे. लसूण, तिळाचे तेल, सोया सॉस आणि मिरची लावून हे तुकडे शेगडीवर चढत. गिऱ्हाइकाच्या हाती चिमटा का आला, याचे उत्तर मला इथेच दिसते. आतडे चरबी सुटेपर्यंत भाजावे लागते, काळीज जास्त राहिले तर चिवट होते, पातळ काप एकदा उलटला की झाला. एवढ्या तऱ्हा सांभाळणारा आचारी टपरीवजा दुकानाला परवडणारा नव्हता. शेगडीच गिऱ्हाइकापुढे ठेवणे सोयीचे. 1946 मध्ये ओसाकात शोकुदोएन आणि टोकियोत मेइगेत्सुकान ही दुकाने निघाली. 1968 मध्ये एबारा कंपनीने भाजलेले मांस बुडवून खायचा ‘तारे’ बाटलीत भरून विकायला काढला, तेव्हा बाटलीवर ‘कोरियन पद्धतीचा’ असेच लिहिले होते.

यावर कोणी म्हणेल, टेबलावर मांस शिजवणे जपानला नवे कुठे होते? खरे आहे. सम्राट तेन्मूने 675 मध्ये गोमांसासह काही मांसांवर बंदी घातली होती, पण 1872 मध्ये सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले आणि ग्यूनाबेची दुकाने गजबजली. होक्काइदोत मेंढीचे मांस घुमटाकार तव्यावर भाजतात. पण ग्यूनाबे म्हणजे रश्शात शिजवलेले निवडक मांस. त्यात ना लसूण, ना वजडी, ना उघडी जाळी. उलट बाजूने कोरियन अभिमानी सांगतात की हे सारे आमचेच, जपानने फक्त उचलले. त्यांच्याकडेही आधार आहे: प्याँगयांगच्या मोरानबाँग टेकडीवर पाइनच्या झाडांखाली लोक बुलगोगी भाजत आणि त्या धुराबद्दलची तक्रार 1935 च्या वर्तमानपत्रात आली होती. मात्र बुलगोगीचे मांस आधी मुरवतात. भाजल्यावर तारेत बुडवणे, जीभ-आतड्यांचे वेगवेगळे काप मागवणे हे वळण त्याला जपानमधल्या कोरियन दुकानांत मिळाले. म्हणून याचे श्रेय मी दोन्ही देशांपेक्षा त्या दुकानदारांना देतो.

पुढे 1980 मध्ये नागोयाच्या शिन्पो कंपनीने धूर खाली ओढून घेणारी शेगडी आणली. कपड्यांना वास लागेनासा झाला, तशी सहकुटुंब येणारी गिऱ्हाइके वाढली. 1991 मध्ये गोमांसाच्या आयातीवरचा कोटा उठला आणि ताटलीचा भाव उतरला. तरी जेवताना इतिहास कशाला उगाळायचा, असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगतो, की ज्या लसणाच्या वासावरून कोरियन मुलांना शाळेत चिडवले जाई, तोच वास त्सुरुहाशी स्टेशनाच्या फलाटापर्यंत येतो. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने 2001 मध्ये देशातल्या जपण्याजोग्या 100 सुगंधस्थळांची यादी केली, तिच्यात त्सुरुहाशी स्टेशनचा परिसर आहे.